पहिल्यांदा उचललं ते

सांगजू, २६ फेब्रुवारी २०१२

ओकजू,

पाकीट फोडलंस म्हणजे अर्धं काम झालं. उरलेलं उभ्या उभ्या वाचलंस तरी चालेल. गॅसवर काही ठेवलं असशील तर आधी बंद करून ये.

बुधवारी तुझी बोरम माझ्या स्टुडिओत आली होती. कडेवर शंभर दिवसांची पोर. आल्या आल्या मला ‘मालकीणबाई’ म्हणाली, पोरीचं नाव-आडनाव सांगितलं, स्वतःचं काहीच सांगितलं नाही. मीही ओळख दाखवली नाही. पण पोरीला गादीवर ठेवण्याआधी तिने मनगट टेकवून गादी गार आहे का ते पाहिलं. आईची ती सवय तुझ्याकडे आली होती, तुझ्याकडून तिच्याकडे गेलेली दिसते.

मी म्हटलं, "देगूतले एवढे मोठे स्टुडिओ सोडून बसचे धक्के खात इकडे कशाला आलात?"

"तिथे बाळाला भोपळ्यात बसवतात."

"मग काय झालं? गोड दिसतं की!"

"मला पोरीचा फोटो हवाय, भोपळ्याचा नको."

तिथेच ती मला आवडली.

माझी पद्धत तुला माहीत आहे. फिल्म जाऊन कॉम्प्युटर आला, बाकी काही बदललेलं नाही. एक दिवा. त्याच्यापुढे आपल्या जुन्या घराचं कागदी दार, म्हणजे उजेड बाळाच्या डोळ्यांत घुसत नाही, गाळून येतो. आणि समोरच्या बाजूला आईच्या रजईचा पांढरा अभ्रा, खळ देऊन ताठ केलेला, म्हणजे दुसरा गाल काळा पडत नाही. लोक चार-चार दिवे लावतात आणि बाळ भेदरून रडायला लागलं की आईला बोल लावतात. माझं फक्त एकाच गोष्टीवाचून अडतं. अभ्रा धरायला कोणी नाही. दोन खुर्च्यांच्या पाठीवर टाकते. बाळाने मान वळवली की अभ्राही वळायला हवा, ते खुर्च्यांना काय कळणार! तू धरायचीस तेव्हा मला तोंड उघडावं लागायचं नाही. कुरकुर मात्र भरपूर करायचीस. "ताई, सगळ्यांना बाळ दिसतं, मलाच दिसत नाही. मला आपला अभ्र्यातून दिव्याचा गोळा दिसतो, पिकल्या पर्सिमॉनच्या नारिंगी फळासारखा."

तर तुझी नात इदाम. मान अजून पुरती धरत नाही. पालथी घातली, पितळी वाटीवर चमचा वाजवला, तशी डोकं वर करून अशी बघायला लागली की जणू मीच तिच्या घरी न विचारता आले आहे. सात फोटो झाले. निघताना बोरमने पिशवीतून तांदळाच्या पांढऱ्या वड्यांचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला.

"शंभर घरी वाटायच्या असतात ना. मोठ्या मावशीचं घर धरून नव्याण्णव झाली."

मी पिशवी आणण्याच्या निमित्ताने आत गेले. पिशवी कसलीही नको होती. तोंड धुऊन बाहेर आले.

आता मुद्द्याचं. नोव्हेंबरच्या अकरा तारखेला, रविवारी, इदामचा पहिला वाढदिवस करणार आहेत. बोरम म्हणते फोटो मोठ्या मावशीनेच काढायचे. मी विचारलं, "आईला विचारलंस?" तर म्हणाली, "तुमचं नाव काढलं की आई भांडी घासायला लागते. घासलेलीसुद्धा घासते."

मी तिला सांगून टाकलं, तुझी आई हो म्हणाली तर येईन, नाहीतर पाऊल टाकणार नाही. म्हणून हे पत्र. फोन तू उचलत नाहीस. कार्डावर ‘हो’ किंवा ‘नाही’ लिही, बास.

ताई


सांगजू, १९ मे २०१२

ओकजू,

मार्चमध्ये तुझं पार्सल आलं. पोहांगची सुकवलेली मासळी, समुद्री शेवाळाची पानं, आणि चिठ्ठी नाही. मी खोका उलटा करून झटकला, वर्तमानपत्राचा प्रत्येक तुकडा उलगडून पाहिला. ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. ही मासळी कशाची समजायची? माणूस लांबच्या आजाऱ्यालाही मासळी पाठवतो.

चांगली होती. लसूण आणि तिखटाच्या चटणीबरोबर खाल्ली. तीन दिवस स्टुडिओत वास होता, पासपोर्टचे फोटो काढायला आलेला एक साहेब नाकाला रुमाल लावूनच बसला. म्हटलं, रुमाल काढा, नाहीतर विमानतळावर तुम्हाला कोणी ओळखणार नाही.

दोन महिने मी वाट बघितली. थांबले ती हट्टाने, हे कबूल करते. मग वाटलं, मी साठीची, तू छप्पन्नची, आता हट्ट कोणाला दाखवायचा? तेव्हा आज मीच विषय काढते. तुझ्या जेगूचं नाव आपण दोघींनी एकोणतीस वर्षांत एकमेकींसमोर घेतलेलं नाही. आईच्या मयतीला तीन दिवस एका खोलीत बसलो, एकाच भांड्यातला रस्सा वाढून घेतला, तरी नाही.

त्याच्या पहिल्या वाढदिवसाला काय झालं ते मी पुन्हा सांगते, कारण तुझ्या मनात काहीतरी भलतंच बसलेलं आहे. माझा स्टुडिओ उघडून तेव्हा चारच महिने झाले होते. टेबल आपण इथेच मांडलं, पोर पहिल्यांदा जे उचलेल ते त्याचं नशीब म्हणून. तांदूळ, पुस्तक, लिहायचा ब्रश, धनुष्य, नोटा, आणि आईने स्वतःच्या कोशांवरून काढलेल्या रेशमी दोऱ्याची लड. जेगू रांगत आला आणि सरळ दोऱ्याला हात घातला. सगळे ओरडले, "दोरा! दोरा! शंभर वर्षं जगणार!" तेवढ्यात दिवा गेला. त्या काळी वीज कशी होती ते काय मी तुला सांगू? दिवा लुकलुकला, मी म्हटलं फोटो आला नसणार, परत घेऊया. दोरा परत टेबलावर ठेवला. दुसऱ्या खेपेला त्याने ब्रश उचलला. एक वर्षाचं पोर, त्याला काय, जे दिसलं ते धरलं. फोटो ब्रशचा आला. यात माझा काय गुन्हा?

आणि त्र्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये त्याला मेंदूज्वर झाला. त्या उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यात किती मुलं गेली. डॉक्टरने तुला सांगितलं, मलाही सांगितलं. डास चावला. दोऱ्याने काही होत नसतं, ओकजू, आणि हे तुला माझ्याइतकंच कळतं, शाळेत तू माझ्यापेक्षा हुशार होतीस.

तरी सप्टेंबरात तू आलीस. आत आलीच नाहीस. बाहेर रस्त्यावर शोकेससमोर उभी राहिलीस. काचेत त्याचा तो ब्रशचा फोटो होता, मोठा करून लावलेला. मी धावत बाहेर आले. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस, काचेकडेच बघत म्हणालीस, "त्याने दोरा धरला होता. तू त्याच्या हातातून काढून घेतलास."

एवढं बोललीस आणि बस स्टँडकडे चालायला लागलीस. मी फोटो त्याच दिवशी उतरवला. पण मला अजूनही राग येतो. तुझं दुःख मोठं होतं म्हणून मी सगळं ऐकून घेतलं, पण तो माझाही भाचा होता. त्याची पहिली चप्पल मी घेतली होती. दिवा गेला, त्याला मी काय करणार होते?

उत्तर दे. मासळी नको.

ताई


सांगजू, ३ ऑक्टोबर २०१२

ओकजू,

सणाला बोरमचा फोन आला होता. म्हणाली, आईने तुमचं मे महिन्याचं पत्र तांदळाच्या डब्यात ठेवलंय, तांदूळ काढताना रोज हाताला लागतं. तिने विचारलं, "मोठी मावशी, तुम्ही असं काय लिहिलंय?" मी म्हटलं, काही नाही, जुन्या गोष्टी.

इथे पर्सिमॉन सोलून सुकत टांगायला सुरुवात होईल आता. समोरच्या घराने माड्या झाडून ठेवल्यात. थंडी लवकर येणार म्हणतात. माझा गुडघा.

हे सगळं मी उगीच लिहितेय. चार कागद फाडले. पाचव्यावर एकदाच लिहून टाकते.

दिवा गेला नव्हता.

दिवा नीट चालू होता. मी बटण दाबलं आणि फोटो आला. बटण दाबलं की हाताला कळतं. दोरा त्याच्या मुठीत होता, पण त्याचे डोळे मिटलेले, तोंड वासलेलं, हनुवटीवर लाळ. आणि दोरा पांढरा, मागची गादी पांढरी, दोरा उठून दिसत नव्हता. तुझी सासू माझ्या शेजारी उभी होती. ती पुटपुटली, "दोरा काय, दोरा तर कोणीही उचलतं. आमच्या घरात शिकलेली माणसं आहेत." तिच्यावर ढकलून मी मोकळी होऊ शकले असते. पण तिने फक्त म्हटलं. केलं मी.

मला शोकेससाठी फोटो हवा होता. चार महिने काचेत लावायला माझ्याकडे एक धड बाळाचा फोटो नव्हता. लोक काचेकडे बघून पुढच्या स्टुडिओत जायचे. जेगू दिसायला असा होता की त्याच्याकडे बघून चालणारा माणूस थांबला असता. मला ब्रश धरलेला, डोळे उघडलेला, हसरा जेगू हवा होता. म्हणून मी म्हटलं, "अगंबाई, दिवा लुकलुकला! परत घ्यावा लागणार." सगळ्यांनी मानलं. कोणी दिव्याकडे बघतच नव्हतं, सगळे जेगूकडे बघत होते.

त्याची मूठ घट्ट होती. लहान मुलं सहज सोडत नाहीत, तुला माहीत आहे. मी एकेक बोट सोडवलं. करंगळी शेवटी सुटली. तो रडला, तुझ्या सासूने त्याच्या तोंडात वडी दिली. आणि मग मी टेबल परत मांडलं तेव्हा ब्रश पुढे घेतला आणि दोरा पार मागच्या कोपऱ्यात, पुस्तकाआड ठेवला. त्याचा हात पोहोचूच नये असा.

आता सगळं सांगितलं. नाही, अजून एक आहे. ती पहिली निगेटिव्ह मी टाकली नाही. तू काचेसमोरून गेलीस त्या दिवशी मी दार लावून घेऊन ती छापली. मग मला वाटलं, ही आता कशी पाठवू? पाठवली तर दिवा गेला नव्हता हे उघड होणार. म्हणून बिस्किटाच्या डब्यात ठेवली. आईच्या दोऱ्याची लडही त्याच डब्यात आहे. मे महिन्यात तुला ते तावातावाने पत्र लिहिलं तेव्हाही डबा माझ्या कोपराजवळ होता. इतकी वर्षं तेच खोटं बोलत गेले की कधीकधी मला स्वतःला दिवा लुकलुकलेला आठवायचा.

दोऱ्याने काही होत नाही हे मला आजही पटलेलं आहे. पण तुझ्या मुलाने जे उचललं ते मी त्याच्या हातातून काढलं, माझ्या काचेसाठी. तू म्हणालीस ते अक्षर न अक्षर खरं होतं, आणि मी तुला रस्त्यावरून तसंच जाऊ दिलं. माझं चुकलं, ओकजू. फार चुकलं.

फोटो सोबत पाठवतेय. डोळे मिटलेले आहेत. लाळ आहे. मूठ नीट दिसते.

अकरा तारखेला मी येणार नाही, असं बोरमला मीच सांगते. तुला नाही म्हणण्याचा त्रास नको.

ताई


सांगजू, २२ ऑक्टोबर २०१२

ओकजू,

तुझं कार्ड आलं. पोस्टमनने ओरडून नाव घेतलं तेव्हा मी एका म्हाताऱ्या जोडप्याचा फोटो घेत होते. त्यांना म्हटलं, जरा बसा. तीन वेळा वाचलं. ती आजी म्हणाली, "वाईट बातमी आहे का?" मी म्हटलं, मला अजून कळलेलं नाही.

तू लिहिलंयस ते मी इथे परत लिहून काढते, कारण मला ते स्वतःच्या हाताने लिहून बघायचंय.

‘ताई, अभ्रा माझ्या हातात होता. दिव्याचा गोळा अख्खा वेळ माझ्यासमोर होता. तो गेला नव्हता हे मला तेव्हाच माहीत होतं. सासूबाईंपुढे बोलायची छाती झाली नाही. म्हणून दोरा तू काढलास आणि गप्प मी बसले. त्याला दोरा उचलताना सगळ्यांनी पाहिलं, मी नाही पाहिलं. मला वाटलं होतं फोटोत बघेन. फोटो तुझ्याकडे आहे हे मला माहीत होतं. तू देशील म्हणून मी वाट बघत होते.’

बास, एवढंच. आणि खाली, बारीक अक्षरात: ‘लाळ माझ्या लक्षात होती.’

मी किती मूर्ख आहे बघ. तू अभ्र्यामागे उभी असायचीस आणि मला तेव्हा वाटायचं, तुला काही दिसत नाही. ज्या एका गोष्टीबद्दल मी खोटं बोलले तीच एक गोष्ट तुला दिसत होती. सगळ्या खोलीत फक्त तुला.

एकोणतीस वर्षं तू मला विचारलं नाहीस, मी तुला सांगितलं नाही. मी तुला रागीट समजत होते. तू तर वाट बघत होतीस. मासळी पाठवलीस तेव्हासुद्धा बघत होतीस ना? आणि मी तुला उलट विचारलं, दिवा गेला त्याला मी काय करू.

तू गप्प बसलीस ते तुझ्या खात्यावर घेऊ नकोस. पंचविशीतली सून होतीस तू त्या घरातली. ते माझंच आहे. वाद घालू नकोस, मी मोठी आहे.

अकरा तारखेबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. बोरम म्हणते, "आईने तुमच्या नावाची वाटी काढून ठेवलीय." वाटी म्हणजे हो का? मी तसं समजून येतेय. नको असेन तर दारातूनच सांग, मी दिवा आणि दार घेऊन परत जाईन.

ताई


सांगजू, १३ नोव्हेंबर २०१२

ओकजू,

रविवारी अख्खी दुपार तू माझ्यापासून चार हातांवर उभी होतीस आणि आपण मोजून दहा-बारा शब्द बोललो. म्हणून उरलेलं पत्रात. तोंडाने बोलायला आपल्याला अजून वेळ लागेल असं दिसतंय.

आधी हसून घे. कागदी दार कापडात गुंडाळून मी देगूच्या बसमध्ये चढले तर ड्रायव्हर म्हणतो, "आजी, दार पुढे आलं, घर मागून येतंय का?" मी म्हटलं, घर नवव्या मजल्यावर आहे, मला तिथेच सोड. बसभर हशा. दीड तास दार मांडीवर धरून बसले. मांड्या आजही दुखताहेत.

बोरमने दार उघडलं. तू स्वयंपाकघरात पाठमोरी, नळ सोडलेला, भांडी घासत होतीस. स्वच्छ होती ती भांडी, मी पाहिलं. तू वळली नाहीस. मी ‘आले गं’ म्हटलं ते तुझ्या पाठीला. मग मी निमूट दिवा लावला, त्याच्यापुढे दार उभं केलं, आणि दोन खुर्च्या ओढून त्यांच्यावर अभ्रा टाकायला लागले. बोरमच्या सासूबाई म्हणाल्या, "अहो, हॉल घेतला असता तर रंगीत दिवे होते, फुगे होते." चांगल्या बाई आहेत, सढळ हाताने सगळ्यांना वाढत होत्या, पण गप्प बसणं त्यांना जमत नाही.

नळ बंद झाला. तू पदराला... बघ, आईचं आठवलं. एप्रनला हात पुसत आलीस, खुर्च्या बाजूला सारल्यास आणि अभ्रा हातात घेतलास. माझ्याकडे बघितलं नाहीस.

"वर," मी म्हटलं.

"एवढा?"

"अजून थोडा. बास."

खांदा दुखतो तुझा, दिसलं मला. तरी धरलास.

मग टेबल मांडलं. हल्ली काय काय ठेवतात! डॉक्टरची नळी, माईक, न्यायाधीशाचा लाकडी हातोडा. बोरमने दुकानातून आणलेला रंगीत दोरा ठेवला होता. माझ्या पिशवीत आईची लड होती. आणली होती, पण काढायचं धाडस नव्हतं. तू अभ्रा खुर्चीवर ठेवलास, न विचारता माझ्या पिशवीत हात घातलास, डबा उघडलास. लड हातात घेऊन जरा वेळ उभी राहिलीस. बोरम म्हणाली, "आई, हे काय?" तू म्हणालीस, "तुझ्या आजीचं रेशीम." दुकानचा दोरा उचललास आणि लड मधोमध ठेवलीस. जवळ नाही, लांब नाही. मी बघत होते. बोटांनी अंतर मोजलंस तू, आणि मग परत अभ्रा उचलून धरलास.

इदाम रांगत आली. खरं सांगते, त्या वेळी मी देवाला म्हटलं, दोरा, दोरा उचलू दे. माझं वय झालं, काही पटत असो नसो, मी म्हटलं. तिचा हात लडीवरून गेला. लड हललीसुद्धा. आणि पोरीने हातोडा उचलला नि तांदळाच्या थाळीत असा हाणला की तांदूळ सासूबाईंच्या केसांत.

तेव्हा मी बटण दाबलं. लगेच कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर फोटो पाहिला. अर्धा चेहरा उजळ, अर्धा काळा. अभ्रा खाली आलेला होता. कुठलाही फोटोवाला असा फोटो कोणाला दाखवणार नाही.

सगळे हसत होते. सासूबाई केस झटकत म्हणाल्या, "परत एकदा, परत एकदा! आता दोरा जरा तिच्याजवळ सरकवा, हातोड्याचा काय फोटो काढायचा!" बोरमने हसत हसत इदामच्या मुठीतला हातोडा सोडवायला हात पुढे केला. तिला बिचारीला काय माहीत. आणि मी? मी तुला खोटं लिहिणार नाही, आता कधीच नाही. माझं तोंड उघडलेलं होतं. ‘हो, परत घेऊ’ हे शब्द जिभेवर होते. हाताची सवय, ओकजू. काळा गाल दिसला की हात बटणावर जातोच. आणि दोऱ्याचा मोहही होता. एवढं सगळं लिहून, एवढं रडून, मी पुन्हा तेच करणार होते.

"हात लावू नका तिला."

तुझा आवाज. बोरम दचकली.

"एकदा उचललं ते उचललं," तू म्हणालीस. "तिचं तिने घेतलंय."

बोरमने हात मागे घेतला. इदामने हातोडा पुन्हा थाळीत हाणला. मी कॅमेरा गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "बरं बाई, वकील होईल," आणि वाढायला गेल्या.

नंतर तू मला वाटीत रस्सा वाढलास. वाटी माझ्यासमोर ठेवताना म्हणालीस, "गरम आहे, ताई." ताई हा शब्द मी किती वर्षांनी ऐकला त्याचा हिशेब करत बसले आणि रस्सा गार झाला.

फोटो सोबत आहे. बोरमलाही हाच पाठवलाय. कॉम्प्युटरवर तो गाल उजळ करता येतो, दोन मिनिटांचं काम, माझ्याकडे पासपोर्टला येणारे सगळे ते मागतात. मी हात लावलेला नाही. जसा आला तसा मोठा केला आणि काल सकाळी शोकेसमध्ये लावला, जिथे तेव्हा ब्रशचा होता तिथेच.

दुपारी समोरच्या घरची बाई काचेसमोर थांबली. पर्सिमॉन सोलून हात चिकट झालेले, ते हवेत धरून आत आली. म्हणाली, "मालकीणबाई, बाळ गोड आहे हो, पण चेहरा अर्धा काळा कसा? तुमच्याकडून असं कसं झालं?"

मी आधी तिला सांगणार होते की अभ्रा धरणारीचा खांदा दुखतो. पण मला माहीत आहे ते खरं नाही. कॅमेऱ्यातून मी पाहिलं. तुझा हात थकला नव्हता. इदामचा हात टेबलाकडे गेला, आणि तू स्वतःच अभ्रा खाली घेतलास.

म्हणून मी तिला खरं तेच सांगितलं. म्हटलं, माझी बहीण बाळाला बघत होती.

तुझी,
ताई